निवडक कोण निवडणार?

सप्टेंबर २०११ मध्ये अमेरिकेतल्या आर.ई.एम. नावाच्या रॉक बँडने आपलं दुकान बंद केलं. लगेच नोव्हेंबरात १९८२ पासूनच्या वाटचालीतली ४० गाणी सालवारीने लावून दोन सीड्यांत काढली. संग्रहाचं नावच असं, की यात काही खोटं, काही काळीज, काही खरं, काही कचरा. गाण्यांवरच्या टिपाही बँडवाल्यांनीच लिहिल्या. ठरवणारा दुसरा कोणी नाही.

गोऱ्यांच्या गिटारीचं कौतुक करायला मी बसलो नाही, दोस्तहो. मी वरठीचा. आमच्या स्टेशनावर पाटी 'भंडारा रोड'ची, जमीन वरठीची. आमच्या गाण्यांचंही तेच झालंय.

वामनदादा कर्डक घ्या. १९२२ साली सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मले, मुंबईत येऊन मोठेपणी अक्षरं गिरवली, १९४३ पासून गाणं सुरू केलं आणि २००४ ला गेले. साठ वर्षं! 'वाटचाल' १९७३ ला आलं, 'मोहळ' १९७६ ला. अन् आपण जयंतीच्या डीजेवर वाजवतो काय? तीच दहा-बारा. गाणाऱ्याचा फोटो हा एवढा, लिहिणाऱ्याचं नाव गायब. बाबासाहेबांमागं झालेल्या फाटाफुटीवर वामनदादांनी आपल्याच माणसांना सुनावलं, भांडवलदारांची नावं घेऊन वाटा मागितला. ते 'निवडक'मध्ये काहून नाही? त्यावर नाचता येत नाही म्हणून?

कंपन्यांना शिव्या घालणं सोपं आहे. मी माझंच सांगतो. माझ्या बापानं १९८६ साली वस्तीतला गाण्याचा कार्यक्रम कोऱ्या कॅसेटवर टेप केला होता. पोट मारून घेतलेली कॅसेट. मी तिच्या एका बाजूवर 'मैंने प्यार किया'ची गाणी भरली. बाप काही बोलला नाही. कोणत्या बामणानं नाही पुसलं ते गाणं, मी पुसलं.

म्हणून आता १४ एप्रिलच्या आत घरातल्या पेट्या उघडा. बुरशी लागलेली कॅसेट फेकू नका, घेऊन या. साल, गाव, लिहिणारा, गाणारा, ढोलकीवाला, जे ठाऊक असेल ते चिठ्ठीवर लिहा. ठाऊक नसेल तर म्हाताऱ्यांना विचारा, ते आहेत तोवर. आणि वेचून फक्त चांगलं आणू नका. बाबासाहेबांचा देव करून टाकणाऱ्या आरत्या आणा, बायांची टिंगल करणारी गाणीही आणा. आपण काय काय गायलो ते सगळं सालवारीने लागू द्या, लाज वाटली तरी.

माझ्या कॅसेटची दुसरी बाजू शाबूत आहे. मध्येच हावड्याकडची गाडी धडधडत जाते. गाणारा थांबतो, ढोलकी थांबत नाही. गाडी गेल्यावर तो तिथूनच पुढचं कडवं उचलतो. तो ढोलकीवाला कोण, हे वरठीत अजून कोणी सांगू शकलेलं नाही. चिठ्ठीवर ती जागा मी कोरी ठेवली आहे.