फ्लॅशकार्डं : शिक्षण की पोपटपंची?

हल्ली दोन-अडीच वर्षांचं मूल असलेल्या घरी गेलं की चहाच्या आधी फ्लॅशकार्डं येतात. "आजोबांना दाखव बरं, हे काय?" मूल "एलिफंट" म्हणतं आणि आपण टाळ्या वाजवायच्या. मी वाजवत नाही. राग आला तरी चालेल, पण जन्मभर खडू धरलेल्या माणसाला बोलल्यावाचून राहवत नाही.

घरी करून पाहा. "घ घराचा" या कार्डावरचं चित्र अंगठ्याने झाका आणि अक्षर विचारा. पुष्कळदा मूल गप्प होतं. त्याने चित्र ओळखलेलं असतं, नाहीतर कार्डाचा चावलेला कोपरा! अक्षर राहिलं बाजूलाच.

अमेरिकेत ग्लेन डोमन यांनी १९६४ साली बाळांना वाचायला शिकवण्याचं पुस्तक काढलं. मोठ्या लाल अक्षरांची कार्डं भराभर दाखवायची, ही त्यांची पद्धत. तिथेच २०१४ साली ११७ बाळांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कार्डं, डीव्हीडी, पुस्तकं असा संच सात महिने वापरूनही बाळं वाचायला शिकली नाहीत. गंमत म्हणजे आईवडिलांना मात्र ती शिकली असंच वाटत होतं.

आपल्याकडे ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला गेल्या. तिथल्या बालवाडीत पानं, शंख-शिंपले, खडे हेच साहित्य झालं. मूल वस्तू हाताळतं, तिच्याविषयी बोलतं, मग शब्द त्याचा होतो. कार्डावरच्या वांग्याला काटा टोचत नाही हो!

म्हणून कार्डं फेकून द्या असं मी म्हणत नाही. जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठीवर घरीच करा. पाचाच्या कार्डावर मुलाला पाच चिंचोके मांडू द्या. वांग्याचं कार्ड घेऊन भाजीच्या पिशवीत वांगं शोधू द्या. जोड्या लावा, एखादं लपवा. आणि कधी मुलाला मास्तर होऊ द्या, तुम्ही उत्तरं द्या, मुद्दाम चुका. मूल कंटाळलं की डाव मोडा.

फक्त पाहुण्यांसमोर परीक्षा नको. उत्तर चुकलं की मूल कार्डाकडे बघत नाही, आईच्या चेहऱ्याकडे बघतं. तिथे त्याला नाराजी दिसली, की ते पुढच्या वेळी तोंडच उघडत नाही. असं गप्प बसलेलं मूल पहिलीच्या वर्गात बोलतं करायला किती महिने लागतात, ते आम्हा शिक्षकांना विचारा.