नदी एकच, खासदार दोन

शिरूरहून दौंडकडे निघालं की मध्ये भीमा लागते. दोन्ही काठांवर ऊस, दोन्हीकडे बिबट्याची धास्ती, आणि सोयरीकही जुनी. कुणाचं माहेर या काठाला, तर सासर त्या काठाला. पण मतदान आलं की शिरूरची बाई एका खासदारासाठी बटण दाबते आणि दौंडची तिची बहीण दुसऱ्यासाठी. शिरूर हा स्वतंत्र लोकसभा मतदारसंघ, तर दौंड बारामतीत.

आमच्या बचत गटातल्या बायका विचारतात, ‘ताई, हे ठरवतं कोण?’ ठरवतो परिसीमन आयोग. २००१च्या जनगणनेवरून २००८ मध्ये फेररचना झाली. जुना खेड मतदारसंघ जाऊन शिरूर आला. जुन्नर, आंबेगाव, खेड-आळंदी, शिरूर यांच्या जोडीला भोसरी आणि हडपसर बसले. म्हणजे टँकरची वाट पाहणारी वाडी आणि कारखान्यांची भोसरी, दोघींचा खासदार एकच! विधानसभेला तर आमच्या शिरूर तालुक्यातली पाबळकडची ३९ गावं आंबेगाव मतदारसंघात. तहसील कचेरी शिरूरला आणि आमदार आंबेगावचा.

आता उमेदवार बघा. शिरूरला २००९ आणि २०१४ मध्ये शिवाजीराव आढळराव पाटील निवडून आले, २०१९ आणि २०२४ मध्ये डॉ. अमोल कोल्हे. चारही वेळा मुख्य लढत पुरुषांमध्येच. नदीपलीकडे २००९ मध्ये सुप्रिया सुळे आणि कांता नलावडे, २०१९ मध्ये सुळे आणि दौंडच्या कांचन कुल, २०२४ मध्ये सुळे आणि सुनेत्रा पवार. चारपैकी तीनदा बाईविरुद्ध बाई! आणि ही जागा काही राखीव नव्हती. म्हणजे ‘बाईला मतं पडत नाहीत’ हे खरं नाही. तिकीटच मिळत नाही, हे खरं. ज्यांना मिळालं त्यातल्या बहुतेकींच्या पाठीशी राजकारणातलं घर होतं, हेही विसरून चालणार नाही.

पण साध्या घरातल्या बायका कारभार करतातच की. २०११ पासून आपल्या राज्यात पंचायत राजमध्ये निम्म्या जागा महिलांच्या आहेत. पाणी, अंगणवाडी, रस्ता यासाठी भांडून आलेल्या कितीतरी सरपंचबाई या दोन तालुक्यांत भेटतील. २०२३ मध्ये लोकसभा-विधानसभेत एक तृतीयांश जागांचा कायदाही झाला; पण आधी जनगणना, मग मतदारसंघांची फेररचना, अशी अट त्याच वेळी त्यात घातली गेली.

म्हणून मैत्रिणींनो, सीमारेषेचा हा विषय पुरुषांच्या पारावर सोडून देऊ नका. फेररचनेच्या वेळी आयोग आधी मसुदा प्रसिद्ध करतो, हरकती मागवतो, जाहीर सुनावणी घेतो. बोलायची खरी वेळ तीच. एकदा अंतिम आदेश निघाला की कोर्टात दाद मागणं महाकठीण. आपलं गाव कुठल्या मतदारसंघात आहे, कचेरी किती लांब पडते, पाणी कुठल्या कालव्याचं येतं, हे महिला ग्रामसभेत आताच लिहून काढा. तिकीट वाटताना सरपंचबाईंचं नाव का नव्हतं, हेही मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला विचारा. हळदीकुंकवाचं वाण घ्या हवं तर, पण उत्तर घेतल्याशिवाय उठू नका.