कुलवृत्त हीच पहिली तपासणी

स्वादुपिंडाचा कर्करोग जठरामागे दडून वाढतो. कामला, पाठीपर्यंत जाणारी वेदना, वजनातील घट ही लक्षणे दिसेपर्यंत बहुधा शस्त्रक्रियेची वेळ निघून गेलेली असते. काही वर्षांपूर्वी शहादा तालुक्यातील पन्नाशी ओलांडलेल्या एका गृहस्थांना नव्याने उद्भवलेला मधुमेह व अग्निमांद्य यांसाठी आम्ही तीन महिने औषध दिले. वजन उतरले, ते पथ्यामुळे असे आम्ही समजलो. वडील व थोरले बंधू याच रोगाने गेले होते, हे कावीळ झाल्यावर कळले. कारण आम्ही ते विचारलेच नव्हते.

अशा कुटुंबांसाठी लघु-एमआरआयचा अभ्यास सध्या होत आहे. निवडक चित्रेच घेतल्याने अर्ध्या-पाऊण तासाचे काम सुमारे दहा-पंधरा मिनिटांत आटोपते. क्ष-किरणांचा संबंध नाही. बहुधा शिरेतून औषधही टोचावे लागत नाही. दरवर्षी करावयाच्या तपासणीत ही बचत मोलाची आहे.

मात्र ही तपासणी सरसकट सर्वांसाठी नव्हे. लक्षणे नसलेल्या सामान्य व्यक्तींची चाळणी करू नये, असे अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने २०१९ मध्ये पुन्हा सांगितले. निरुपद्रवी गाठी सापडून भीती व अनावश्यक शस्त्रक्रिया वाढतात. ज्यांच्या जवळच्या रक्ताच्या नात्यात दोघांना हा रोग झाला, अथवा नात्यातील अशा एका रुग्णासोबत स्वतःत बीआरसीए-२ सारखा जनुकदोष आढळला, त्यांचाच विचार साधारणतः पन्नाशीपासून, किंवा घरातील सर्वांत तरुण रुग्णाच्या वयाच्या दहा वर्षे आधी करतात.

ही निवड यंत्र करीत नाही. ती केसपेपरपासून सुरू होते. चरकाचार्यांनी प्रमेहचिकित्सेत बीजदोष व कुलज विकार सांगितलेच आहेत. सिकलसेलमुळे नंदुरबार जिल्ह्याला आनुवंशिक तपासणीही अपरिचित नाही. मग तीन पिढ्यांचे कुलवृत्त लिहिण्यास आपणांस अडचण ती कोणती?

आमचे नम्र निवेदन असे: पन्नाशीनंतर अचानक मधुमेह व वजनात घट दिसल्यास रुग्णास तत्काळ तज्ज्ञांकडे पाठवावे. औषधालयाच्या बंधूंनीही काविळीचे औषध वारंवार नेणाऱ्यास तपासणीविना पुढील बाटली देऊ नये. कुलवृत्त संशयास्पद असल्यास मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात कर्करोग-आनुवंशिकतेचा स्वतंत्र विभाग आहे, हे नातेवाइकांना सांगावे. आपल्या काढ्याने ही गाठ विरघळेल असे मात्र कोणीही सांगू नये. वेळेवर पाठविणे हाही वैद्यधर्मच होय.