इत्यादींचा हिशेब

मराठीच्या मास्तराला 'इत्यादी'इतका उपकारक शब्द दुसरा नाही. दोन उदाहरणे द्यावीत आणि तिसरे आठवेनासे झाले की 'इत्यादी' म्हणून मोकळे व्हावे. वीस वर्षे मी या शब्दावर निभावली आहेत. पण वसुबारसेच्या संध्याकाळी आमच्या कन्येने त्याचीच झडती घेतली. ती गणितात एम्.एस्सी. झाली आहे आणि आता संशोधनासाठी परगावी जायचे म्हणते आहे.

मी गॅलरीत पणत्या मांडत होतो.

"बाबा, पहिली पणती पेटली आणि प्रत्येक पणती पुढचीला पेटवते, तर सगळी रांग पेटणार हे कशावरून?"

"कशावरून म्हणजे? पहिलीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी, इत्यादी!"

"तुमचं हे 'इत्यादी' म्हणजेच गणिती विगमन. ते गृहीत धरावं लागतं. १८८९ साली पेआनोनं ते आपल्या गृहीतकांत उघड लिहून ठेवलं."

पुढे तिने सांगितले ते असे. १९५० साली राफाएल रॉबिन्सन या अमेरिकन गणितज्ञाने हे गृहीतक वगळून एक अशक्त अंकगणित मांडले. बेरजेचे नियम त्यात दोनच. संख्येत शून्य मिळवले तर संख्या तीच राहते. आणि मिळवायची संख्या एकाने वाढली तर बेरीजही एकाने वाढते. एवढ्यावर शून्य अधिक पाच म्हणजे पाच, हे पायरीपायरीने सिद्ध होते. शून्य अधिक हजार म्हणजे हजार, हेही होते. पण 'शून्यात कोणतीही संख्या मिळवली तरी तीच संख्या येते', हे एक वाक्य काही केल्या सिद्ध होत नाही! कारण हे नियम पाळणारी अशीही दुनिया रचता येते, की जिच्यात आपल्या साऱ्या संख्यांच्या पलीकडे काही परक्या संख्या असतात आणि त्यांच्यापाशी ते वाक्य खोटे ठरते. एकेक पणती लावत त्यांच्यापर्यंत पोचताच येत नाही.

मग 'इत्यादी' थोडे थोडे परत द्यायचे. पालनपूरला जन्मलेल्या रोहित पारीख यांनी १९७१ साली मर्यादित विगमनाचा विचार केला. तेवढ्याने बेरजेत संख्यांची अदलाबदल चालते हे सिद्ध होते. पण कोणतीही संख्या घेतली तरी दोनाचा तेवढा घात असतोच, हे सिद्ध होत नाही.

"किती विश्वास टाकला म्हणजे किती पदरात पडतं, त्याचा हा हिशेब, बाबा."

एवढ्यात पिठाचे हात घेऊन सौ. बाहेर आली. "विश्वासाचं राहू दे. रोज रात्री फोन करशील ना?"

"करीन, आई."

"म्हणजे त्या दिवसापुरतं कळेल, सुखरूप आहेस म्हणून. सगळ्या दिवसांचं काय?"

कन्या गप्प झाली. मीच बोलून गेलो, "ते सिद्ध होत नसतं. गृहीत धरायचं असतं."

दोघी माझ्याकडे पाहू लागल्या. तीन आठवडे अडवून धरलेला होकार मी देऊन बसलो होतो, हे माझ्या जरा उशिराच ध्यानात आले.

"मग चकल्या थोड्या जास्तच करते," सौ. म्हणाली आणि आत वळली. मी पुढची पणती लावली.