सातपुडा पायी चालण्याजोगा नाही म्हणे!

चार-पाच दिवस डोंगरात पायी हिंडायचं असेल तर वऱ्हाड सोडा, असं अमरावतीतल्या एका नावाजलेल्या भटक्याने भर सभेत सांगून टाकलं. त्यांचं म्हणणं एवढंच: आपल्याकडे उंची नाही, पाणी नाही, चालायची परंपरा नाही आणि जे जंगल आहे ते वाघाचं. चिखलदऱ्याला गाडीने जावं, भीमकुंड पाहावं, स्ट्रॉबेरी घ्यावी, संध्याकाळी परतवाड्याला उतरावं. खरं चालायचं तर हिमालयाचं पॅकेज घ्या, नाहीतर सह्याद्री गाठा. ऐकणाऱ्या पोरापोरींनी माना डोलावल्या, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

आधी उंचीचं बोलू. चिखलदरा १,११८ मीटर, कळसूबाई १,६४६ मीटर. झाला यांचा निकाल. पण चालणारा माणूस समुद्रातून निघतो की पायथ्यापासून? परतवाडा-अचलपूरची सपाटी चारशे मीटरच्या आतली आहे. तिथून वर सातशे मीटरहून जास्त चढ आहे, आणि तो लोळत लोळत वर जाणारा नाही. पूर्णेच्या काळ्या मातीवरून सातपुड्याची दक्षिण बाजू एकदम उभी राहते. एक टप्पा चढलात की पठाराची पट्टी, ती संपली की पुन्हा काळ्या दगडाचा कडा. मोटारीत बसून हे कसं कळणार?

हा डोंगर किती अवघड आहे ते १८०३ साली इंग्रज सेनापती वेलस्लीला कळलं होतं. २९ नोव्हेंबरला अडगावची लढाई जिंकून इंग्रजी फौज अचलपूरला आली, पुढे गाविलगड. दक्षिणेकडून किल्ल्याला हात घालता येईना, म्हणून त्याने कर्नल स्टीव्हन्सनला मोठ्या तोफा देऊन डोंगरातून वळसा घालून उत्तरेच्या अंगाला पाठवलं. ७ डिसेंबरला तो निघाला. रस्ता नव्हताच. शिपायांनी आधी रस्ता करायचा आणि मग त्यावरून तोफा हाताने ओढायच्या, नाल्यात उतरवायच्या, पलीकडे चढवायच्या. किल्ल्यासमोर पोचायला १२ तारीख उजाडली आणि १५ डिसेंबरला गड पडला. सपाटीवरून दिसणाऱ्या डोंगराच्या मागे जायला एका कसलेल्या फौजेला पाच दिवस लागले! आणि आमचे सज्जन म्हणतात, इथे चार दिवस चालण्याजोगं काही नाही. त्यांनी गाविलगड पाहिला असेल तो वाहनतळापासून. दिल्ली दरवाजावर दगडात कोरलेला दुतोंडी गंडभेरुंड, आतली तळी, झाडोऱ्यात बुडालेला तट, हे निवांत पाहायला सबंध दिवस लागतो. गाडीच्या ड्रायव्हरने हॉर्न वाजवला की निघायचं, असल्या माणसाने किल्ल्यावर मत देऊ नये.

पाणी नाही, हे मार्चनंतर खरं. म्हणून तर नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ धरायचा.

परंपरा नाही, हे ऐकून मात्र चीड येते. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी कावडीत घेऊन अकोल्याच्या राजराजेश्वराकडे अनवाणी येणारे हजारो लोक कोणत्या प्रांतातले? शेगावहून पालखीबरोबर महिनाभर चालत पंढरी गाठणारे कोण? मुक्काम कुठे, स्वयंपाक कोण करणार, पायाला फोड आले तर काय, हे सगळं आमच्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ आहे. पॅकेजवाल्याने आम्हाला नियोजन शिकवू नये.

आता वाघ. मेळघाट १९७४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे, गाभ्यात पायी फिरायला बंदी आहे, आणि ती असलीच पाहिजे. पण गाभा म्हणजे अख्खा डोंगर नव्हे. मेळघाटातून जाणाऱ्या अकोला-खंडवा मीटरगेज रेल्वेच्या रुंदीकरणाच्या वादातही हेच झालं होतं. एका बाजूला ‘जंगलातूनच रूळ न्या’, दुसऱ्या बाजूला ‘जंगलाचं नाव काढू नका’. वाघाचं राखून माणसाला चालता येतं. पायी चालणाऱ्याला खरी भीती अस्वलाची, तीही मोहफुलं गळतात त्या दिवसांत आणि पहाटे-संध्याकाळी. डिसेंबरात सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, म्हणून चारच्या ठोक्याला मुक्काम गाठायचा.

मग जायचं कसं? परतवाड्याहून धामणगाव गढीच्या घाटाने वर चढावं, पहिला मुक्काम मोथ्याला. गवळ्यांचं गाव, तिथला खवा ताजा मिळतो. दुसरा दिवस गाविलगडाला द्यावा, रात्र चिखलदऱ्यात काढावी. तिसऱ्या दिवशी आमझरी, शहापूर अशी वरच्या पठारावरची गावं आरामात पाहावीत. चौथ्या दिवशी भल्या सकाळी घटांगची वाट धरावी, टप्पा लांबचा आहे. कुठली पायवाट खुली आहे ते निघण्याआधी वनखात्याच्या कचेरीत विचारावं आणि बरोबर गावातला एक कोरकू जाणकार घ्यावा, त्याला पूर्ण दिवसाची मजुरी द्यावी, घासाघीस करू नये. थंडी बोचरी असते, कांबळं लागेल. नरनाळा यात बसत नाही. तो अभयारण्यातला गड आहे, अकोटहून शहानूरमार्गे परवानगी काढून वेगळा करावा.

घटांगला परतवाडा-धारणी रस्ता लागतो. तिथे एसटीला हात दाखवावा.