स्पॅनिश शिकायला आधी इंग्रजी कशाला?

घरबसल्या स्पॅनिश शिका, लाइव्ह ऑनलाइन क्लास! अशा जाहिराती आता बारामती-इंदापूरच्या वस्त्यांतल्या मोबाइलवरही येतात. आमच्यातल्या काही कार्यकर्त्यांनी अशाच एका क्लासला फोन केला. पहिलाच प्रश्न आला, "इंग्रजी बोलता येते का?" आमची मुले जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठीतून शिकलेली. विषय तिथेच संपला.

बाबासाहेबांना एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये संस्कृत घेऊ दिले नाही, त्यांना फारसी घ्यावी लागली. त्याच बाबासाहेबांनी 1921 मध्ये जर्मनीतल्या बॉन विद्यापीठाकडे जर्मन भाषेत अर्ज केला आणि संस्कृतही स्वतःच्या बळावर आत्मसात केली. आज भाषेचे दार उघडपणे कुणी बंद करत नाही. फक्त उंबरठ्यावर इंग्रजी आणून ठेवतात. परिणाम तोच होतो.

ही अट भाषेच्या दृष्टीनेही खोटी आहे. 'मला कॉफी आवडते' याला स्पॅनिशमध्ये 'मे गुस्ता एल काफे' म्हणतात. 'मे' म्हणजे मला, 'गुस्ता' म्हणजे आवडते. रचना मराठीचीच! इंग्रजीतून शिकणाऱ्याला मात्र 'आय लाइक' आधी उलटे करावे लागते. आपण पांढरा घोडा, पांढरी गाय म्हणतो. ते 'काबायो ब्लांको', 'बाका ब्लांका' म्हणतात. आपल्याकडे तू आणि तुम्ही, त्यांच्याकडे 'तू' आणि 'उस्तेद'. आपण नुसते 'चाललो' म्हटले तरी कोण चालले ते कळते. त्यांचे 'आब्लो' म्हणजे 'मी बोलतो', वेगळा 'मी' लागत नाही. अवघड भागही आहेच. 'सेर' आणि 'एस्तार' ही दोन प्रकारची 'असणे' मराठी माणसालाही घाम फोडतात. पण ती इंग्रजी माणसालाही फोडतात. मग मधे इंग्रजी कशाला?

काही जण म्हणतील, कंपनीत इंग्रजी लागतेच. लागते. ती सोबत शिकू. पण सोबत शिकणे वेगळे आणि प्रवेशाची अट घालणे वेगळे.

स्पॅनिश 20 देशांची राजभाषा आहे. बारामती एमआयडीसीतल्या पियाजिओ आणि फेरेरो या इटलीच्या कंपन्या, त्यामुळे इथे गेटवर स्पॅनिश विचारणार नाहीत. काम आहे ते हिंजवडी-खराडीच्या कार्यालयांत, भाषांतरात, निर्यातीत. इंदापूरच्या द्राक्ष-डाळिंबाचे जगाच्या बाजारातले स्पर्धक पेरू, चिली आणि स्पेन आहेत. या व्यवहारात आपला माणूस आजवर बागेतला मजूर म्हणूनच दिसला. ईमेल लिहिणारा, भाव बोलणारा म्हणून तो का दिसू नये?

मात्र तरुणांनो, 'सहा महिन्यांत फाडफाड स्पॅनिश' या थापेला भुलू नका. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचा अंदाज इंग्रजी भाषकासाठी 600 ते 750 तासांचा आहे. आठवड्याला दीड तासाचे तीन वर्ग धरले, तर वर्षाला सव्वादोनशे तास होतात. म्हणजे अडीच-तीन वर्षांची चिकाटी हवी. शिकल्याचे मोजमाप क्लासच्या प्रमाणपत्राने होत नाही. 'देले' परीक्षेच्या ए-1 ते सी-2 या पातळ्या जगभर मानल्या जातात. पैसे भरण्याआधी विचारा, कोणत्या पातळीपर्यंत शिकवणार आणि एका बॅचमध्ये किती जण?

लाइव्ह वर्गाचे महत्त्व आम्ही नाकारत नाही. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परदेशी भाषा विभाग आहे. पण बारामतीहून पुणे सुमारे 100 किलोमीटर, इंदापूर त्याहून लांब. शिफ्ट करून रोज कोण जाणार? आणि रेकॉर्ड केलेला व्हिडिओ आपला उच्चार ऐकत नाही. पण पन्नास जणांच्या लाइव्ह वर्गात माइक बंद करून बसलेला आपला भाऊ किंवा बहीण ही शाळेतली मागची बाकच झाली! त्यात पडद्यावर चौकटीखाली आडनाव झळकते. वर्षानुवर्षे आडनावावरून जोखले गेलेल्या माणसाचे तोंड तिथे सहज उघडत नाही. म्हणून बॅच बारा-पंधरा जणांची हवी, प्रत्येकाला बोलते करणारा शिक्षक हवा आणि पडद्यावर फक्त पहिले नाव ठेवण्याची मुभा हवी.

2024 मध्ये राज्य शासनाने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला आणि त्यासाठी जर्मन शिकवण्याची योजना आखली. मग स्पॅनिशसाठी का नाही? आमची मागणी स्पष्ट आहे. बार्टीने मराठीतून, मोफत, लाइव्ह स्पॅनिश वर्ग सुरू करावेत. कामगार आणि घर सांभाळणाऱ्या महिलांच्या सोयीने सकाळी व रात्री अशा दोन वेळा ठेवाव्यात. 'देले'ची परीक्षा फी भरावी.

आणि शासनाची वाट बघत आपणही बसायचे नाही. बारामती-इंदापूरच्या विहारांत आणि समाजमंदिरांत एक वायफाय, एक मोठा पडदा, दोन चांगले माइक एवढी सोय वर्गणीतून होऊ शकते. जयंतीच्या डीजेवरचा एका रात्रीचा खर्च वाचवला तरी सुरुवात होईल. ज्याच्या घरात रेंज नाही, ज्या ताईकडे स्वतःचा मोबाइल नाही, ती तिथे येऊन शिकेल. आणि आपल्यातल्या ज्यांना परदेशी भाषा येते, त्यांनी आठवड्याचे दोन तास समाजाला द्यावेत.

'शिका' म्हणताना बाबासाहेबांनी कोणत्या भाषेतून शिका अशी अट घातली नव्हती. ती आपणही घालू द्यायची नाही.

जय भीम!