मासे जिवंत, म्हणून पाणी चांगलं? पंचगंगेचा हिशेब वेगळाच

पंचगंगेची धार कमी झाली की शिरोळ तालुक्यातल्या तेरवाड बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच पडतो, हे आता नवीन राहिलेलं नाही. मग पंचनामा, पाण्याचे नमुने, नोटिसा. आठ दिवसांनी चार मासे पोहताना दिसले की ‘नदी सुधारली’ म्हणायला आपण मोकळे. इथंच गफलत होते.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे निकष बघा. मासे जगायला लिटरमागे किमान 4 मिलिग्रॅम विरघळलेला ऑक्सिजन लागतो, आंघोळीच्या पाण्याला 5. म्हणजे मासे तोंड वर काढून तडफडतात तिथं पोरांना पोहायला सोडायचंच नाही. पण उलटं खरं नाही. माशांच्या निकषात मैलापाण्याच्या जंतूंची मोजणीच नाही. आंघोळीसाठी मात्र 100 मिलिलिटरमागे विष्ठेतले कोलिफॉर्म जंतू 500 पर्यंत असावेत, 2500 च्या वर तर नकोतच. मासे मजेत राहतील आणि त्याच पाण्यात डुंबलेल्या पोराला जुलाब लागतील, असंही होऊ शकतं.

आणखी एक. पाण्यातला ऑक्सिजन पहाटे सगळ्यात कमी असतो, कारण रात्री शेवाळ तो तयार करत नाही, उलट वापरतं. भर दुपारी भरलेल्या बाटलीचा आकडा बरा दिसणारच!

त्यामुळं अहवाल आला की ग्रामपंचायतीनं दोन गोष्टी विचाराव्यात: नमुना किती वाजता घेतला आणि कोलिफॉर्म किती निघाले? हेच पाणी पुढं नृसिंहवाडीला कृष्णेत मिसळतं आणि तिथं भाविक रोज आंघोळीला उतरतात.